जन्मसालापुढची रेघ

आक-चीय गावच्या चित्रसंग्रहालयात अभिप्रायाची पेटी बसली त्या दिवशी एसेनकुलच्या छातीत जी धडधड सुरू झाली, ती पुढे चोवीस दिवस थांबली नाही. पेटी बिचारी निरुपद्रवी होती. बुटांच्या खोक्याला निळा कागद चिकटवलेला, वर फट, बाजूला दोरीने बांधलेली पेन्सिल, आणि संचालिका दामीराच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं, 'आमच्या पाट्यांबद्दल मोकळेपणाने लिहा.' आता चित्रांबद्दल लिहा म्हटलं असतं तर एसेनकुलची काही हरकत नव्हती. चित्रं दुसऱ्यांनी काढलेली होती. पाट्या त्याने लिहिल्या होत्या.

एकशे बारा पाट्या! बावीस वर्षांपूर्वी एका हिवाळ्यात, शेगडी बंद पडलेली असताना, बोटं कापलेले हातमोजे घालून त्याने त्या टंकयंत्रावर बडवल्या होत्या. चित्राचं नाव, चित्रकार, साल, कॅनव्हास की पुठ्ठा, तैलरंग की जलरंग, लांबी, रुंदी, नोंद क्रमांक. लांबी-रुंदी तर मिलिमीटरपर्यंत. त्याच्या हुद्द्याचं नाव होतं ज्येष्ठ संशोधक. संग्रहालयात कनिष्ठ संशोधक कोणी नव्हता, त्यामुळे हे ज्येष्ठ नेमके कुणापेक्षा, असा प्रश्न त्याची बायको उमसुनाय अधूनमधून विचारायची. पण तिला काय, ती शाळेत गणित शिकवते.

दामीरा राजधानीत चार दिवसांचं शिबिर करून आली होती आणि शिबिराहून आलेल्या माणसाच्या डोळ्यांत जी एक चमक असते ती तिच्या डोळ्यांत होती. वयाने ती एसेनकुलपेक्षा वीस वर्षांनी लहान, म्हणून त्याला 'बायके' म्हणजे थोरला भाऊ म्हणायची, आणि थोरल्या भावाला सांगावीत तशी सगळी कामं त्यालाच सांगायची.

"बायके, जगभर आता असंच चालतं. माणूस येतो, पाटी वाचतो, काय कळलं काय नाही ते सांगतो, आपण पाटी सुधारतो. चोवीस तारखेला शुक्रवारी तपासणी समिती येणार आहे. पाट्या सुधारलेल्या दिसल्या म्हणजे झालं."

"आणि नाही दिसल्या तर?"

दामीराने खिडकीबाहेर पाहिलं. पोरगी मनाने चांगली होती. "तर तुमची जागा कमी करायची म्हणतायत. राजधानीतली कंपनी पाट्या करून देईल. मोबाईल धरला की बोलणाऱ्या."

एसेनकुलला निवृत्तीवेतन सुरू व्हायला चार वर्षं होती. एकोणसाठाव्या वर्षी, तैलचित्राला पडलेली भेग थंडीने पडली की रंगाने हे नुसतं बघून सांगता येणाऱ्या माणसाला आक-चीयमध्ये दुसरी नोकरी कोण देणार? कोंबड्यांच्या कारखान्यात? त्याने घरी जाऊन जीव शांत करणाऱ्या वालेरियनच्या औषधाचे वीस थेंब पाण्यात टाकून घेतले आणि भिंतीकडे तोंड करून आडवा झाला.

पहिल्या आठवड्यात त्रेचाळीस माणसं आली आणि एक्केचाळीस चिठ्ठ्या पडल्या. दामीराने पेटी उघडली. पहिली चिठ्ठी: 'या घराचा उंबरठा उंच राहो.' दुसरी: 'पाट्या लिहिणाऱ्याच्या मुलाबाळांना उदंड आयुष्य लाभो.' तिसरी: 'सगळं छान आहे, देव तुमचं भलं करो.' चौथीपासून चाळिसावीपर्यंत हेच. एक्केचाळिसावी जरा वेगळी होती: 'पाट्या फार सुंदर. पाट्या लावलेल्या भिंतीही सुंदर. संडास कुठे आहे?'

एसेनकुल दोन दिवस मान ताठ करून फिरला. चिठ्ठ्या घरी नेऊन उमसुनायला वाचून दाखवल्या. तिसऱ्या दिवशी दामीरा म्हणाली, "बायके, आशीर्वादातून पाटी कशी सुधारणार? समितीला मी काय दाखवू? मला तक्रारी हव्यात. निदान दहा-वीस."

झालं. आता तक्रारी आणायच्या कुठून?

"तुम्हीच लिहा," उमसुनाय म्हणाली. "डाव्या हाताने लिहा, कोण ओळखतंय?" एसेनकुल एक अख्खी दुपार दहा कोरे कागद घेऊन बसला. स्वतःच्या पाट्यांविरुद्ध लिहिणं किती कठीण असतं याची लोकांना कल्पना नसते. चार वाजेपर्यंत एकच तक्रार तयार झाली: 'पाट्या जरा जास्तच अचूक आहेत.' तीही लिहून त्याला वाईट वाटलं.

शेजारच्या काचकीनने तर आशाच सोडायला सांगितली. काचकीन तीस वर्षं एस.टी. चालवून घरी बसलेला, त्यामुळे जगातल्या कुठल्याही विषयावर त्याच्याकडे गाडीतला अनुभव असायचा. "माझ्या डोक्यावर पाटी होती, 'तक्रार असल्यास सांगा'. तीस वर्षांत एकाने सांगितली नाही. एकदा मी गाडी कालव्यात घातली, एसेनकुल. गुडघाभर पाणी आत. बायाबापड्या भिजलेल्या पायांनी खाली उतरल्या आणि प्रत्येकीने जाताना माझे आभार मानले!"

उपाय शेवटी सांगितला बुरुल आपाने. तिसऱ्या दालनात खुर्ची टाकून एकोणीस वर्षं ही म्हातारी चित्रांवर नजर ठेवून होती; नजर चित्रांवर आणि हात विणकामावर. एसेनकुलचं सगळं रडगाणं तिने एका मोज्याची टाच पुरी होईपर्यंत ऐकून घेतलं.

"अरे लेकरा, तू किरगिझ आहेस की कोण आहेस? कुणाच्या घरी जेवून उठल्यावर, आतडी पिळवटत असली तरी, मटण चिवट होतं असं तोंडावर म्हणालायस कधी?"

"नाही, आपा."

"काय म्हणतोस?"

"उंबरठा उंच राहो म्हणतो."

"आणि चिवट होतं हे कुठे म्हणतोस?"

"वाटेत. घरी जाताना."

"मग? इथून बाहेर पडलेला माणूस रस्ता ओलांडून मखबूबाकडे सम्से खातो. तिथे त्याचं तोंड सुटतं. जा तिकडे, आणि कान उघडे ठेव."

मखबूबाचा तंदूर संग्रहालयाच्या फाटकासमोरच होता. मटण, कांदा आणि दुंबा मेंढ्याच्या शेपटीची चरबी भरलेले तिचे सम्से खायला लोक पलीकडच्या गावाहून येत. एसेनकुलने चाचरत आपलं काम सांगितलं. मखबूबाने भुवई वर केली, पण हसली नाही. "तंदुराच्या मागे बसा. पोतं अंथरलेलं आहे." पोतं आधीच तिथे कुणासाठी अंथरलेलं होतं, हे विचारायचं भान एसेनकुलला नव्हतं.

पाच दिवस रोज दुपारी तो त्या पोत्यावर बसला. पाठ तंदुराने भाजत होती, डोक्यावर पीठ पडत होतं, आणि कानांवर जे पडत होतं त्यामानाने पीठ बरं होतं.

"काय ग ते लिहिलंय, अडुसष्ट गुणिले ब्याण्णव? चित्र आहे की दार?"

"विजेचं बिल यापेक्षा गोड असतं."

"मी एकच वाचली. मग म्हटलं, मेलं, उगीच चष्मा काढला."

एसेनकुल सम्शाच्या कागदावर लिहून घेत होता. चौथ्या दिवशी मात्र त्याचा तोल गेला. लांबरुंद खांद्यांचा एक गृहस्थ म्हणत होता, "तो बर्फाचा देखावा जलरंगात काय झकास काढलाय!" एसेनकुलला राहवेना. तो तंदुरामागून उठला, नखशिखांत पांढरा, आणि म्हणाला, "तैलरंग! तैलरंग आहे तो! पाटीवर लिहिलंय!" गृहस्थाच्या हातातला सम्सा खाली पडला. मखबूबाने त्याला दुसरा दिला आणि म्हणाली, "काही नाही, आमचे पाहुणे आहेत. उष्णता सहन होत नाही त्यांना."

पण पाच दिवसांत जमलेल्या सदतीस तक्रारींत एक तक्रार एकवीसदा आली होती, आणि रात्रंदिवस त्याला तीच टोचत होती. लोक विचारत होते, हा चित्रकार कुणाचा कोण? विशेषतः तिसऱ्या दालनातल्या तुर्दुबाय अतांबद्दल; वडीलधाऱ्या माणसाला आमच्याकडे अता म्हणतात. अख्खं दालन त्यांच्या घोड्यांचं, आणि पाटीवर काय? 'तुर्दुबाय, ज. १९४१.' संपलं! बापाचं नाव नाही, गाव नाही, सात पिढ्या नाहीत. "अनाथाची चित्रं लावलीयत की काय? सात पूर्वज सांगता येत नाहीत तो कसला माणूस?" एक म्हातारी म्हणाली होती, आणि बाकीचे हो ना, हो ना म्हणत चरबीने माखलेली बोटं चाटत होते.

एसेनकुलला ते पटलं. बावीस वर्षांत पहिल्यांदाच आपल्या पाटीत काहीतरी कमी आहे असं त्याला मनापासून वाटलं, आणि वाटल्यावर बरंही वाटलं. त्याने सगळ्या पाट्या नव्याने लिहायला घेतल्या. लांबी-रुंदी गेली. घोडा कुठल्या शर्यतीचा, डोंगर कुठला, त्या बाईच्या हातात दह्याचं भांडं का आहे, हे आलं. तुर्दुबाय अतांच्या दालनासाठी मात्र मोठी पाटी करायची ठरली. सोमवारी त्याने बुरुल आपाला गाठलं, कारण ती अतांच्याच कुळातली.

"आपा, तुर्दुबाय अतांचे सात पूर्वज सांगा बरं. घाई आहे."

बुरुल आपाने त्याच्याकडे जरा रोखून पाहिलं, पण सातही नावं एका दमात सांगितली, शिवाय मागितली नव्हती ती आठवी-नववीही. मग ती बटाटे काढायला तीन दिवसांच्या रजेवर मुलाकडे गेली. तुर्दुबाय अतांनाच का विचारलं नाही म्हणाल, तर अता उन्हाळाभर वरच्या कुरणावर घोड्यांत असतात आणि तिथे मोबाईलला फक्त वारा लागतो.

बाकीच्या पाट्या कागदावर छापून आल्या. "पण दालनाच्या तोंडाशी एक भक्कम हवी," दामीरा म्हणाली. "समितीला लांबून दिसली पाहिजे." आक-चीयमध्ये भक्कम पाटी करणारा माणूस एकच, मुकाश. मुकाश शाळांचे फलक करतो, लग्नाच्या हॉलचे करतो, पण त्याचं खरं काम कबरीवरचे दगड. एसेनकुलने त्याला मजकूर नीट अक्षरात लिहून दिला: नाव, जन्म १९४१, गाव, सात पूर्वज, आणि शेवटी 'यांचा घोड्यांवर फार जीव.'

"फोटो?" मुकाशने विचारलं.

"फोटो छान होईल," एसेनकुल म्हणाला. आणि इथेच तो बुडाला.

शुक्रवारी सकाळी नव्या पाट्यांच्या फायलीवर शिक्का घ्यायला तो प्रांताच्या संस्कृती खात्यात गेला. तिथल्या बाईंनी सदतीस तक्रारी पहिलीपासून शेवटपर्यंत चाळल्या. "तक्रारदाराचं नाव?" एसेनकुलने त्या रकान्यात प्रामाणिकपणे 'तंदूर' लिहिलं होतं. "तंदूर? वडिलांचं नाव?" निनावी तक्रार चालत नाही, आणि प्रत्येक तक्रारीला चौदा दिवसांत लेखी उत्तर गेलंच पाहिजे, असा नियम निघाला. दीड तास घासाघीस झाल्यावर सदतीसच्या सदतीस तक्रारी मखबूबाच्या नावावर चढल्या. पुढे महिनाभर तिला सरकारी उत्तरं येत राहिली आणि ती त्यांत सम्से बांधून देत राहिली, पण ते पुढचं.

साडेबाराला तो घामाघूम होऊन परतला. समिती दोनला. फाटकापाशी येतो तो आतून आक्रोश! बायकांचा गळा काढून रडण्याचा आवाज, आणि अंगणात मयतीच्या रीतीने कमरेला पट्टे बांधून, काठ्यांवर ओणवे झालेले पुरुष. आता रडण्याचा आवाज आला की आधी रडायचं आणि मग विचारायचं, ही आमची रीत. कोण गेलं, कसं गेलं, असं कोरड्या डोळ्यांनी विचारणारा माणूस माणसात धरत नाहीत. एसेनकुलने फाईल काखेत मारली आणि "बाबा रे, माझ्या बाबा रे!" करत तो फाटकातून आत शिरला. काचकीनच्या गळ्यात पडला, दोघंही हुंदके देऊन रडले, आणि मग हळूच त्याने विचारलं, "कोण गेलं?"

"तुर्दुबाय अता."

एसेनकुलला खरंच रडू कोसळलं. पहिल्या दिवसापासून अतांनी त्याला कधी कारकून समजलं नव्हतं. वर्षातून एकदा खाली आले की घोडीच्या दुधाची बाटली त्याच्या टेबलावर ठेवून जायचे. डोळे पुसत पुसत तो तिसऱ्या दालनाकडे गेला, आणि दाराशीच थबकला.

भिंतीवर मुकाशने सकाळीच बसवलेला काळाभोर चकचकीत दगड होता. वर लंबगोलात तुर्दुबाय अतांचा चेहरा कोरलेला. खाली सोनेरी अक्षरांत नाव, आणि त्याखाली '१९४१ –'. रेघ, आणि रेघेपुढे मोकळी जागा. मग सात पूर्वज. मग 'यांचा घोड्यांवर फार जीव.' मुकाशकडे साचा तयार होता आणि साच्यात रेघ होती, त्याला तो काय करणार? शिवाय मोकळ्या जागेचा त्याने वेगळा आकार लावला नव्हता.

दगडाखाली बुरुल आपा बसली होती. सकाळी बटाट्यांवरून परत आली, दगड पाहिला, आणि गळा काढून तिने सगळ्या कुळाला फोन लावले. "सोमवारी हा माझ्याकडे सात पूर्वज विचारायला आला, घाई आहे म्हणाला," ती रडत सांगत होती, "तेव्हाच मला कळायला हवं होतं ग बाई!"

"आपा," एसेनकुल तिच्या कानाशी वाकून म्हणाला, "अता जिवंत आहेत."

"आहेतच रे लेकरा. आपल्या सगळ्यांच्या मनात."

"मनात नाही! कुरणावर! ही नुसती पाटी आहे!"

काचकीनने मागून येऊन त्याला खांद्याला धरून बाजूला नेलं आणि पाणी दिलं. "सगळं काम त्याच्यावर पडलं," तो बाकीच्यांना म्हणाला, "डोक्याला लागलंय बिचाऱ्याच्या." एसेनकुलने दगड काढायला स्क्रू-ड्रायव्हर शोधला. पण कबरीवरचे दगड चोरीला जातात म्हणून मुकाश असे स्क्रू वापरतो जे फक्त आत जातात. एक वाजता अंगणात लोकरी तंबू उभा राहिला. सव्वाला कुळातल्या कुणीतरी आणून फाटकाला बांधलेलं मेंढरू नाहीसं झालं आणि कढई चढली. एसेनकुलने वालेरियनची बाटली शोधली तर ती बायका बुरुल आपाला पाजत होत्या.

दोनला पांढरी गाडी आली. दामीरा पुढे धावली. तिने सकाळपासून पायरीवर नवीन सतरंजी अंथरली होती, गोड वड्या मांडल्या होत्या. गाडीतून जाडजूड अध्यक्ष आणि दोन सदस्य उतरले, त्यांनी आवाज ऐकला, आणि तीही आपलीच माणसं, तिथल्या तिथे त्यांनी माना खाली घातल्या आणि "बाबा रे!" करत आत आली. अध्यक्षांनी एसेनकुलला मिठी मारली. "धीर धरा, फार मोठा माणूस होता." एसेनकुल "साहेब, ते, म्हणजे" एवढंच म्हणू शकला. सकाळपासून बाहेरच्याच गडबडीत असलेल्या दामीराने दगड आता पहिल्यांदा पाहिला, मग एसेनकुलकडे पाहिलं. तिचा चेहरा चुन्यासारखा झाला. "बायके," ती पुटपुटली, "रेघ का आहे?"

आणि तेवढ्यात एक गोष्ट एसेनकुलच्या लक्षात आली. तिसऱ्या दालनाच्या दाराशी रांग लागली होती. प्रत्येक जण पुढे येत होता, दगडापुढे थांबत होता, वरपासून खालपर्यंत एकेक ओळ ओठ हलवत वाचत होता, आणि मग आत जाऊन प्रत्येक घोड्यापुढे उभा राहत होता. "हा बघा, सगळ्या खोऱ्यात पहिला आलेला." "ही घोडी माझ्या आजोबांची." बावीस वर्षांत त्याने लिहिलेली पाटी कोणी शेवटपर्यंत वाचताना त्याने पाहिलं नव्हतं. आज दोनशे माणसांनी वाचली होती, आणि आज त्याची नोकरी जाणार होती. त्याला रडावं की काय करावं कळेना, म्हणून तो रडला. जागाही योग्य होती.

त्याच वेळी फाटकातून एक घोडा आत आला. घोड्यावरून एक म्हातारा खाली उतरला, काठीवर ओणवा झाला आणि "भाऊ रे, माझ्या भावा रे!" असा टाहो फोडत अंगण ओलांडू लागला. संग्रहालयात कोणीतरी गेलं एवढंच त्याला वरच्या कुरणावर एका घोडेस्वाराकडून कळलं होतं, आणि कोण ते रीतीप्रमाणे त्याने विचारलं नव्हतं. रांगेतले लोक रडत रडत त्याच्या गळ्यात पडत होते. तिसरी मिठी सुटल्यावर त्या तिसऱ्या माणसाने त्याच्याकडे नीट पाहिलं आणि तो मटकन खाली बसला. म्हातारा एसेनकुलपर्यंत आला, त्याला कवटाळलं, दोन हुंदके दिले आणि कानात विचारलं, "कोण गेलं रे?"

"तुम्ही, अता," एसेनकुल म्हणाला.

तुर्दुबाय अता दगडापुढे उभे राहिले. खिशातून चष्मा काढला, पुसला, आणि सुरुवातीपासून वाचायला लागले. एसेनकुलला आयुष्यात कधी इतका वेळ कुणी एखादी पाटी वाचलेली आठवत नव्हती. दामीराने त्याची बाही घट्ट धरली होती.

"पाचवं नाव चुकलंय," अता शेवटी म्हणाले.

"मुळीच नाही चुकलं!" बुरुल आपा डोळे न पुसताच उसळली. "मी सांगितलंय ते!"

"तू माझ्याच मयतीत माझ्याशी भांडणार आहेस का, बुरुल?"

मग मात्र हसू फुटलं. आधी तंबूजवळ, मग अंगणभर. मुकाश, जो जेवायला आला होता, मागच्या मागे निघून गेला. मेंढरू शिजलेलंच होतं, तेव्हा मयतीचं जेवण अतांच्या दीर्घायुष्याचं जेवण ठरलं. मान म्हणून मेंढराचं डोकं अध्यक्षांपुढे ठेवलं गेलं, आणि त्यांनी ते रीतसर कापून मोठ्यांना वाटलं. नव्या पाट्या त्यांनी पाहिल्या, वाचल्या, मान हलवली. निघताना पेटीजवळ थांबून चिठ्ठी लिहिली. गाडीचं दार लागताच दामीराने पेटी उघडली आणि आनंदाने ओरडली, "बायके, बघा! 'या घराचा उंबरठा उंच राहो.' जमलं!"

एसेनकुलने चिठ्ठी परत पेटीत टाकली. ज्यांच्यापुढे मेंढराचं डोकं ठेवलं ते दुसरं काय लिहिणार? आणि पांढरी गाडी रस्त्यापलीकडे, मखबूबाच्या तंदुराशी थांबली होती.

तो मागच्या फाटकाने पळाला. एकोणसाठ वर्षांचा ज्येष्ठ संशोधक, हातात अजून शिक्क्याची फाईल, वाकून वाकून तंदुराच्या मागे पोचला. पोत्यावर जागा नव्हती. तुर्दुबाय अता आधीच बसले होते.

"सरक थोडा," अता कुजबुजले, जणू एसेनकुलच आधी आला होता. "चित्रं टांगलीस त्या वर्षापासून बसतो इथे. मखबूबाच्या आईच्या वेळेपासून. तोंडावर कोण सांगतं रे?"

पलीकडे अध्यक्ष सम्से घरी न्यायला बांधून घेत होते. एक सदस्य म्हणाला, "साहेब, अहवालात काय घालायचं?"

"चित्रं बरी आहेत. तो करडा घोडा मागच्या पायाने लंगडा वाटतो."

"लंगडाच होता तो," अता दातांवर दात ठेवून म्हणाले.

"आणि पाट्यांचं? ती जागा कमी करायची होती ना?"

अध्यक्ष सम्से मोजत होते. मखबूबा तंदुरातून एकेक सम्सा काढत होती, आणि एसेनकुलला वाटलं ही बाई आज मुद्दाम सावकाश काढतेय. उमसुनायला काय सांगायचं? सकाळी उठून कुठे जायचं? त्याने फाईल छातीशी धरली. अतांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"या वर्षी पंचवीस संग्रहालयं पाहिली," अध्यक्ष शेवटी म्हणाले. "पाटीपुढे रांग आज पहिल्यांदा पाहिली. आणि त्या सात नावांत तिसरं नाव माझ्या आजोळचं निघालं, हे कुणाला बोलू नका. त्या माणसाला ठेवा."

"पण साहेब, कारण काय द्यायचं? वरून जागा कमी करायला सांगितलंय."

"कारण?" अध्यक्षांनी सम्शाचा घास घेतला आणि फुंकत फुंकत चावला. "लिहा, काम अपूर्ण आहे. त्या रेघेपुढचं साल लिहायला माहीतगार माणूस हवा. ते लिहून झालं की जागेचं बघू."

गाडी गेली. एसेनकुलला हसू येत होतं, मग आपण कशावर हसतोय हे लक्षात आलं आणि त्याला लाजेने मान वर करवेना. पिठाने पांढऱ्या झालेल्या मिशा पुसत अतांनी विचारलं, "तुझं निवृत्तीवेतन कधी सुरू होतं?"

"चार वर्षांनी, अता."

अतांनी बोटांवर आपलं वय मोजलं. चौऱ्याऐंशी होती, त्यात चार. एकदा मोजून खात्री झाली नाही म्हणून पुन्हा मोजली.

"अठ्ठ्याऐंशी," ते म्हणाले. मग काठीवर भार देऊन उठले आणि तंदुरावरून डोकं काढून हाक मारली, "मखबूबा, ए मखबूबा! माझ्या सम्शातली चरबी आजपासून कमी कर."